अडलेल्या ओळीला वाटाड्या



जाहिरातीत गणिताचे नाव असूनही आपण इतक्या संख्येने आलात, ह्याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. उन्हाळ्यातील संध्याकाळचा वारा आणि ह्या व्यासपीठाची पुण्याई ह्यांचेच ते आहे. घाबरू नका, फळ्यावर समीकरणे मांडून मी आपली परीक्षा पाहणार नाही. माझा प्रश्न साधा आणि घरगुती आहे. आपल्या कुंडलची एखादी मुलगी पलूस, रामानंदनगर, विटा किंवा सांगली येथे महाविद्यालयात जाते, पदवीसाठी गणित अथवा संख्याशास्त्र घेते, आणि रात्री नऊ वाजता वही उघडून बसली असता एका ओळीवर अडते. तिने विचारावे कोणाला?

शाळेत असेपर्यंत हा प्रश्न पडत नाही. त्रैराशिक वडिलांना येते. सोसायटीचे कर्ज काढलेल्या प्रत्येकाला व्याज येते, आणि ते पुस्तकातल्यापेक्षा पक्के येते. दहावीच्या भूमितीला शेजारचा दादा असतो, बारावीला शिकवणी असते. त्यापुढे मात्र रस्ता एकदम निर्मनुष्य होतो. पदवीच्या वर्गात 'रिअल ॲनालिसिस' म्हणून जो विषय येतो, त्याचे नावही घरात कोणी ऐकलेले नसते. आजवर गणित म्हणजे उत्तर काढणे होते. आता गणित म्हणजे सिद्ध करणे होऊन बसते. पुस्तक इंग्रजीत, सिद्धता इंग्रजीत, आणि मनातला गोंधळ मात्र मराठीत. चार महिने असे अडून राहिले की मुलीला वाटू लागते, दोष आपल्या डोक्यात आहे. मग ती विषय सोडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे सिद्धता पाठ करू लागते. चाळीस वर्षे शिकवताना मी अशी पुष्कळ मुले पाहिली. त्यांतील फार थोड्यांच्या डोक्यात दोष होता. बाकीच्यांना विचारायला कोणी नव्हते, एवढेच.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुटीत मी एका सिद्धतेवर अडलो. धीर करून प्राध्यापकांना पोस्टकार्ड लिहिले. अकराव्या दिवशी उत्तर आले, आणि त्यात मजकूर केवळ दोन वाक्यांचा होता. 'व्याख्या पुन्हा वाच. कोणत्या पायरीपर्यंत पटते आणि कोणत्या पायरीपासून पटत नाही, ते लिहून पाठव.' मला त्या वेळी राग आला. अकरा दिवस वाट पाहायची, आणि हाती काय, तर उलटा प्रश्न! तरी लिहायला बसलो. पहिली पायरी पटते, दुसरी पटते, तिसरी पटते. चौथी लिहिता लिहिता हात थांबला, कारण चूक तेथेच माझ्याकडे पाहत बसली होती. दुसरे कार्ड मी टाकलेच नाही. ह्या दोन वाक्यांकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

ह्या मुलखाला संख्याशास्त्र परके आहे असे मात्र कोणी समजू नये. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. तेथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, १९३६ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला संख्याशास्त्र विभागाचे ते प्रमुख झाले. कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार केंब्रिजला जाऊन आले आणि पुणे विद्यापीठात त्यांनी ह्या शास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. ही माणसे मोठीच. पण त्यांना योग्य माणसाला प्रश्न विचारण्यासाठी आगबोटीत बसावे लागले, हेही लक्षात घ्या. ज्यांना आगबोट मिळाली नाही, त्यांचे काय झाले? देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ च्या सुमारास ६१७४ ह्या संख्येची गंमत जगापुढे ठेवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे सगळे अंक सारखेच नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. असे करीत राहिले की अखेर ६१७४ येते आणि तेथेच थांबते. ह्या कापरेकरांना जगाच्या बाजारात खरी ओळख मिळाली ती १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. मधली पंचवीस वर्षे पत्रे, पुस्तिका आणि पदरमोड ह्यांत गेली.

आज ती आगबोट प्रत्येकाच्या खिशात आहे, असे आपण ऐकतो. ते बरेचसे खरेही आहे. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेने आपले पाठ विनामूल्य खुले करण्याचा निर्णय २००१ साली जाहीर केला. गिल्बर्ट स्ट्रँग नावाच्या प्राध्यापकांची रेखीय बीजगणितावरील व्याख्याने तेथे आहेत. मी निवृत्तीनंतर ती पुन्हा ऐकली आणि आपण हा विषय किती कोरडा शिकवला, ह्याची मला लाज वाटली. आपल्याकडे आयआयटी आणि बंगलोरची विज्ञान संस्था ह्यांनी २००३ पासून एनपीटीईएल हा उपक्रम चालवला आहे. सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ साली आले. पाठ ऐकणे विनामूल्य, प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची तर तेवढी फी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदवीची पुस्तके 'ई-ज्ञानकोश' ह्या ठिकाणी सुट्या प्रकरणांत मिळतात, आणि ती एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली असल्यामुळे त्यांत उदाहरणे सोडवून दाखवलेली असतात. टेक्सासमधील लमार विद्यापीठाचे पॉल डॉकिन्स यांची कलनशास्त्रावरील टिपणे तर इतकी सरळ आहेत की ती वाचताना इंग्रजी आड येत नाही. संभाव्यतेसाठी हार्वर्डच्या ब्लिट्झस्टाइन यांचा पाठ घ्यावा. शाळेतला पाया कच्चा राहिला असेल, तर संकोच न करता खान अकादमीकडे जावे. सलमान खान (नट नव्हे) यांनी २००४ साली आपल्या दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवता शिकवता तिचा पाया घातला.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. चित्रफितीला डेटा फार लागतो, लिखित टिपणाला अगदी थोडा. शिवाय चित्रफीत पाहताना समजल्यासारखे वाटते, आणि ते 'सारखे' फार धोक्याचे असते. दुसऱ्याला विहिरीत पोहताना पाहून कोणी पोहायला शिकला आहे काय? तेव्हा टिपण आधी, चित्रफीत अडल्यावर, आणि दोन्हींच्या मध्ये वही.

इतके सगळे असताना मुले अडतात का? ह्याचे उत्तर मला एका विद्यार्थिनीने दिले. ती संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी ऊस आणि थोडे सोयाबीन. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, नमुने वाढवत गेले की चूक कमी होते, असे पुस्तकात आहे. मग पीक कापणी प्रयोग चौपट केले तर उत्पन्नाचा आकडा बरोबर यायला हवा ना? पण आमचे आजोबा म्हणतात, कितीही कापा, आकडा फुगतोच."

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय, हे आपल्यापैकी शेतकऱ्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीविना निवडलेल्या शेतात, तशाच रीतीने निवडलेल्या जागी ठरावीक मापाचा वाफा आखतात, समजा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. त्यातले पीक कापून वजन करतात, आणि त्यावरून मंडळाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात. पीक विम्याच्या भरपाईतही हा आकडा वापरला जातो. तो फुगला, तर कागदावर पीक चांगले आले असे ठरते आणि भरपाई हातची जाते. म्हणजे आजोबांची तक्रार आणि नातीचा अभ्यासक्रम ह्यांचा विषय एकच होता. दोघांना ते ठाऊक नव्हते, इतकेच.

मुलीने घरी बसून काय केले होते? मोबाईलवर मराठीत प्रश्न टाकला. हाती आली सरकारी परिपत्रके आणि स्पर्धा परीक्षांची जाहिरातवजा पाने. मग इंग्रजीत 'नमुने वाढवल्यावर चूक' अशा अर्थाचे काहीतरी टाकले. तीन लांबलचक चित्रफिती निघाल्या, तिन्हींत पुस्तकातलेच सूत्र पुन्हा सांगितले होते. ती खऱ्या दाराशी पोहोचलीच नाही, कारण त्या दारावरचे नाव तिला ठाऊक नव्हते.

मी तिला उत्तर दिले नाही. आपला प्रश्न पाच ओळींत लिही, असे सांगितले. ती लिहू लागली. चूक म्हणजे काय, असे मी मध्येच विचारले. तेव्हा तिच्या लक्षात आले की पुस्तकातली चूक आणि आजोबांची चूक ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातली चूक कधी वर जाते, कधी खाली. नमुने पुष्कळ घेतले की वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात. नमुने चौपट केले की ती निम्मी होते. आजोबांची चूक मात्र सदा एकाच बाजूला झुकते. वजनकाट्यातच खोट असेल, तर शंभर गाड्या मोजा की हजार, सरासरीतून खोट जात नाही. उलट आकडा जास्त ठाम दिसू लागतो. ह्या एकाच बाजूच्या झुकावाला इंग्रजीत 'बायस' म्हणतात. आपल्या भाषा संचालनालयाने शास्त्रांचे परिभाषा कोश केले आहेत, ते आता इंटरनेटवर पाहता येतात. तेथला मराठी शब्द 'अभिनती'. शब्द जरा सोवळ्यातला आहे खरा, पण अर्थाला नेमका आहे. पीक कापणी आणि अभिनती ही दोन नावे इंग्रजी अक्षरांत एकत्र टाकल्याबरोबर तिला जो माणूस भेटला, तो कोण असावा? बुध गावचे सुखात्मे!

१९४६ साली 'नेचर' ह्या साप्ताहिकात सुखात्मे यांनी ह्याच मुद्द्यावर लिहिले होते. फार लहान वाफे कापून उत्पन्नाचा अंदाज बांधला तर तो खऱ्यापेक्षा वर जातो, आणि वाफा मोठा करावा तसा हा फुगवटा ओसरतो, असे त्यांना दिसून आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखे थोर संख्याशास्त्रज्ञ लहान वाफ्यांच्या बाजूचे होते, त्यामुळे वाद चांगला रंगला. कारण मात्र कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असे आहे. वाफ्याच्या दोरीवर जी ताटे येतात, ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस, मनात पाप नसतानाही, ती आत घेतो. आता हिशेब करा. एक मीटर लांबी-रुंदीचा चौरस आहे आणि चारही बाजूंनी पाच पाच सेंटिमीटर जास्त कापले गेले. बाजू झाली १.१ मीटर, क्षेत्र झाले १.२१ चौरस मीटर. म्हणजे उत्पन्न २१ टक्क्यांनी फुगले. तीच चूक दहा बाय पाच मीटरच्या वाफ्यात केली, तर ५० ऐवजी ५१.५१ चौरस मीटर होतात. फुगवटा तीन टक्के. लहान वाफ्याला त्याच्या पोटाच्या मानाने काठ फार असतो, हे त्याचे मर्म.

मुलगी एवढ्यावर थांबली नाही, ह्याचा मला अभिमान वाटतो. 'आर' नावाची संख्याशास्त्राची एक विनामूल्य संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील इहाका आणि जंटलमन ह्या दोन अध्यापकांनी ती निर्माण केली. ती शिकवणारे पाठ मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' ह्या उपक्रमात मिळतात. ते पाहून तिने महाविद्यालयाच्या संगणकावर एक खोटे शेत तयार केले, त्यात कोठेही ताटे पेरली, एक मीटरचे वाफे टाकले आणि काठाबाहेरची पाच सेंटिमीटर ताटे आत धरायला संगणकाला सांगितले. शंभर वाफ्यांची सरासरी काढली, मग दहा हजारांची. आकड्यांची थरथर दसपटीने कमी झाली. पण सरासरी खऱ्यापेक्षा २१ टक्के वरच बसून राहिली. आजोबांना तिने तो पडदा दाखवला. ते म्हणाले, "हे मी दोरीवरूनच सांगत होतो की."

आता त्या पोस्टकार्डाकडे येतो. इंटरनेटवर पाठ पुष्कळ, टिपणे पुष्कळ, सोडवलेली उदाहरणेही हवी तेवढी. दुर्मिळ आहे तो आपली चूक पाहणारा डोळा. तोही मिळतो, पण प्रश्न नीट लिहिणाऱ्याला मिळतो. गणिताचे आणि संख्याशास्त्राचे प्रश्न विचारण्याच्या ज्या जागा २०१० च्या सुमारास निघाल्या, तेथे कोठला तरी अनोळखी प्राध्यापक आपल्या चहाच्या वेळात फुकट उत्तर लिहितो. 'मला सीमा समजत नाही, कृपया समजवा,' असे त्याला लिहिले तर तो काय करील? पुस्तकाचे नाव सांगून मोकळा होईल. गृहपाठाचे गणित जसेच्या तसे टाकले, तर तेवढेही करणार नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: '१/न ही क्रमिका शून्याकडे जाते, हे सिद्ध करावयाचे आहे. व्याख्येप्रमाणे एप्सिलॉन दिला की असे पद शोधायचे, ज्याच्या पुढची सर्व पदे शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतील. मी एप्सिलॉन ०.०१ घेतला; शंभराव्या पदापुढे हे जमते. पण एप्सिलॉन मी ठरवायचा नसतो असे सर म्हणतात. मग मी ते पद लिहू कसे?' ह्या प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर मिळू शकते, कारण गाठ नेमकी कोठे आहे ते त्यात दिसते. एप्सिलॉन समोरच्याने ठरवायचा. आपण फक्त एवढेच म्हणायचे की 'तू जो देशील त्याने १ ला भाग, जे येईल त्याच्या पुढचे पद घे.' बैलबाजारात गिऱ्हाइकाने बोली बोलायची आणि आपण ती पुरी करून दाखवायची, असा हा प्रकार आहे. पुष्कळदा हा प्रश्न लिहून पुरा होण्याआधीच तो सुटतो, आणि पाठवायची वेळच येत नाही.

बोलणाऱ्या यंत्राविषयी आपण विचारणार, हे मी ओळखून आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, मग त्याची भावंडे आली, आणि आता मुले प्रश्न तेथेच टाकतात. त्याला मराठी कळते, ते रागावत नाही, मध्यरात्रीही जागे असते; हे गुण कोणत्याही मास्तरात एकत्र सापडणार नाहीत. पण ते चुकते तेव्हाही त्याच गोड आणि ठाम आवाजात चुकते. मी एकदा त्याला मुद्दाम एक खोटे विधान सिद्ध करायला दिले. त्याने सहा ओळींत सिद्ध करून दिले! ओळ पाचवी खोटी होती. ज्याला पाचवी ओळ तपासता येते, त्याच्या हाती ते उत्तम हत्यार आहे. ज्याला येत नाही, त्याने त्याच्याकडून उत्तर मागू नये. आपली सिद्धता त्याला दाखवावी आणि 'कोणती पायरी कच्ची आहे तेवढेच सांग' असे म्हणावे. मग पुस्तकातल्या व्याख्येशी ताडून पाहावे. मराठीतून कल्पना स्पष्ट करून घ्यावयाची असेल, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभारलेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर आहे. त्यातील गणिताच्या नोंदी जुन्या वळणाच्या वाटल्या तरी त्या माणसांनी जबाबदारीने लिहिलेल्या आहेत.

आता एक मागणे. ज्या गावाने प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते १९४६ ह्या वर्षांत, स्वतःची न्यायमंडळे चालवून पाहिली, त्या गावाला एक टेबल मांडणे अवघड नाही. ग्रंथालयात, रविवारी सकाळी दोन तास, फळा, खडू, एक संगणक आणि त्याला इंटरनेट. शिक्षक नसला तरी चालेल. पदवीला असलेली चार मुले एकत्र बसली आणि प्रत्येकाने आठवड्यात जेथे अडले ती ओळ फळ्यावर लिहिली, तर निम्म्या ओळी तेथेच सुटतील. उरलेल्यांची नावे तरी सापडतील. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते ह्या पंचक्रोशीत पुष्कळ आहेत. त्यांना सिद्धता आठवत नसतील, पण 'हे असे का?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांची अजून गेलेली नसेल. मुलींना मात्र ही वेळ सकाळचीच ठेवा. संध्याकाळी घरचे काम सुटत नाही, हे मला त्या विद्यार्थिनीनेच सांगितले.

परवा ती पुन्हा आली होती. वाफा नेहमी शेताच्या आत पुरा बसेल असाच टाकतात. म्हणजे बांधालगतच्या पट्ट्यावर वाफा पडण्याची संधी मधल्या भागापेक्षा कमी. आणि बांधावरच्या झाडांच्या सावलीने तेथले पीक तर बारीक असते. "मग सर, दोरीवरची ताटे अगदी बरोबर मोजली तरी आकडा वरच जाणार, नाही का? किती वर जाणार, ते कसे काढायचे?" मला उत्तर तोंडपाठ नव्हते. 'एज इफेक्ट' एवढे नाव मी तिला दिले आणि पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या. काल तिचा निरोप आला, तिसरी ओळ झाली आहे. चौथीसाठी आजोबांना घेऊन बांधावर सावली मोजायला जायचे आहे.